गंधकाचे पूल : केस सरळ करण्याचा आणि केस तुटण्याचा इतिहास

(शिरपूर जैन, जि. वाशीम येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

माय-बहिणींनो, ताई-दादांनो, आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल की केस तुटणं हा पार्लरचा विषय, फार तर डॉक्टरचा. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचं काय काम? काम आहे. केसांवर माणसाने काय काय केलं, ते कोणाच्या सांगण्यावरून केलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रात घडलाय. थोडा आपल्या शेजारच्या बुलढाण्यात, अगदी परवापरवा घडलाय.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे शिरपूरला दोन्ही पंथांच्या साधू-साध्वींची ये-जा असते. त्यामुळे केशलोच म्हणजे काय हे इथे समजावून सांगावं लागत नाही. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच येतो. दोन महिन्यांनी केला तर उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, आणि चार महिन्यांच्या पुढे जायचं नाही. त्या दिवशी उपवास. वस्तरा नाही, कात्री नाही. स्वतःच्या हाताने केस उपटायचे. श्वेतांबर साधू-साध्वी पर्युषणाच्या आधी लोच करतात. कारणं सांगितली जातात ती अशी : न्हाव्यावर अवलंबून राहायचं नाही, केसांत जीव होऊन त्यांची हिंसा व्हायला नको, आणि देहाचा मोह सुटावा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, लोच करताना केस मुळापासून निघतो आणि मूळ जिवंत असल्यामुळे पुन्हा उगवतो. दुसरी, लोच करणारा ते स्वतः ठरवतो. व्रत त्याचं, डोकं त्याचं, हातही त्याचाच.

आता याच्या अगदी उलट चित्र बघा. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की बाईचं केशवपन व्हायचं. एकदा करून सुटका नव्हती. केस वाढले की पुन्हा न्हावी बोलवायचा, आयुष्यभर. दहा-बारा वर्षांच्या मुलीसुद्धा यातून सुटल्या नाहीत. इथे डोकं तिचं होतं, निर्णय मात्र दुसऱ्यांचा होता. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. विधवेची ही विटंबना कोणाच्या समाधानासाठी करता, असा त्यांचा रोख होता. वऱ्हाडातल्या एका बाईने हे छापून विचारलं, तेही त्या काळात, हे आपण विसरता कामा नये. पुढे १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकणाऱ्या विधवांना केस वाढवायला मोकळीक होती.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती १८९० ची गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपण कामगार चळवळीमुळे ओळखतो. रविवारची सुट्टी म्हटलं की लोखंडे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांच्या पुढाकाराने मुंबईत शेकडो नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केस आम्ही उतरवणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. सुधारक लेख लिहीत होते, सनातनी त्यांना उत्तरं देत होते, वाद चालू होता. पण वस्तरा ज्याच्या हातात होता तो माणूस पुढे येऊन म्हणाला, हे काम मी करणार नाही. गिऱ्हाईक जाणार हे माहीत असून म्हणाला. ही गोष्ट मनात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे येणार आहोत.

आता विसाव्या शतकात येऊ. इथून केसांवर सक्ती राहत नाही, हौस येते, आणि हौसेबरोबर रसायन येतं. त्यासाठी केस कशाचा बनलाय ते दोन मिनिटांत समजून घेऊ. शास्त्राचा तास घेत नाही, घाबरू नका.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. नख, शिंग, खूर, सगळं त्याच घराण्यातलं. या प्रथिनाचे लांब लांब धागे एकमेकांना जागोजागी जोडलेले असतात. ती जोडणी गंधकाची असते. एका धाग्यातला गंधक दुसऱ्या धाग्यातल्या गंधकाशी हात धरतो. आपण त्याला गंधकाचा पूल म्हणू. केस जळल्यावर जो वास येतो, त्यात या गंधकाचा मोठा भाग असतो. केसाचा आकार, कुरळा की सरळ, आणि केसाची ताकद, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या पुलांवर टिकून असतात. म्हणून केसाचा आकार कायमचा बदलायचा तर पूल तोडावे लागतात, आणि पूल तोडले की ताकद जाते. सगळ्या पार्लरचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

मजा अशी की पाश्चात्त्य देशांत आधी सरळ केस कुरळे करण्याची धडपड झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल नेस्लर नावाच्या जर्मन केशकाराने लंडनमध्ये उष्णता आणि क्षार वापरून केसांना कायमच्या लाटा पाडल्या. पहिले प्रयोग बायकोच्या डोक्यावर केले आणि तिचे केस जळाले, डोक्याला भाजलं. पुढे १९३८ च्या सुमारास थायोग्लायकोलेट जातीची रसायनं आली. ती विस्तवाशिवाय पूल सोडवू लागली.

उलटी धडपड, म्हणजे कुरळे केस सरळ करण्याची, अमेरिकेतल्या काळ्या लोकांत झाली, आणि त्यामागे दुःख आहे. गुलामगिरी कायद्याने संपली तरी गोऱ्यांच्या राज्यात नोकरी हवी, मान हवा, तर केस गोऱ्यांसारखे हवेत, हा दबाव होता. मॅडम सी. जे. वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केसांच्या निगेचा मोठा धंदा उभा केला. त्यांची सुरुवात मात्र सरळ केसांपासून झाली नव्हती, स्वतःचे केस गळत होते तिथून झाली होती. पुरुषांमध्ये कॉस्टिक सोडा घातलेला लगदा डोक्यावर थापून केस सरळ करण्याची पद्धत होती. माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात तो अनुभव लिहिलाय. डोकं पेटल्यासारखं होत असतानाही आपण आरशात बघून खूश झालो, आणि ती आपल्या स्वाभिमानाच्या घसरणीची मोठी पायरी होती, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. १९५४ मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी कंपनी काढली आणि हे रिलॅक्सर डबाबंद होऊन बाजारात आलं. नंतर कॉस्टिक सोडा नसलेले, ‘सौम्य’ म्हणवले जाणारे प्रकार निघाले. त्यात कॅल्शियम असतं. ते केसावर बसून राहतं आणि केस कोरडा पडतो.

आपल्याकडे हे आलं दुसऱ्या वाटेने. १९९० च्या दशकात जपानमध्ये थायोचं रसायन आणि तापलेली इस्त्री एकत्र वापरून केस सरळ करण्याची पद्धत बसली. तेच आपलं रिबॉन्डिंग. मुंबई-पुण्यात आधी आलं, मग नागपूर-अकोला, मग वाशीम-मालेगाव, आणि आता लग्नसराईत गावागावात. त्याच्यामागून स्मूदनिंग, केराटिन, बोटॉक्स अशी नावं आली. केसांच्या बोटॉक्समध्ये सुईतलं बोटॉक्स नसतं, ते बाजाराने ठेवलेलं नाव आहे.

या पद्धतींत फरक आहे, आणि तो माहीत नसल्यामुळेच पुष्कळ केस तुटतात. रिबॉन्डिंगमध्ये थायो पूल उघडतो, केस इस्त्रीने सरळ करतात, मग न्यूट्रलायझर लावून पूल नव्या जागी पुन्हा जोडतात. सगळे जुळत नाहीत, पण बरेच जुळतात. कॉस्टिक किंवा तत्सम क्षाराच्या रिलॅक्सरमध्ये मात्र पुलातला एक गंधक कायमचा निघून जातो. तो पूल वेगळ्याच जातीचा होतो आणि थायोला दाद देत नाही. म्हणून एका जातीच्या रसायनावर दुसऱ्या जातीचं रसायन लावलं की केस हातात येतो. ‘मागच्या वेळी काय लावलं होतं?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय जे पार्लर काम सुरू करतं, तिथून उठावं.

आता तुटण्याकडे. आधी गळणं आणि तुटणं वेगळं करा. कंगव्यात आलेला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ असेल तर तो मुळातून गळलाय. रोज पन्नास ते शंभर केस असे गळणं नेहमीचं आहे. गाठ नसेल, केस आखूड असेल, टोक झाडूसारखं फुटलं असेल, तर तो तुटलाय. गळणाऱ्याचं कारण बहुधा शरीरात असतं : रक्त कमी, थायरॉईड, बाळंतपण, मोठा ताप. तुटणाऱ्याचं कारण केसावरच झालेलं असतं. सरळ केलेला केस बहुतेक वेळा दोन जागी तुटतो. एक टोकाला, कारण ते सर्वांत जुनं असतं. दुसरी जागा म्हणजे नवा उगवलेला आणि जुना सरळ केलेला केस जिथे भेटतात तो सांधा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांनी मुळाशी बोटाएवढा नवा केस असतो. ‘टच-अप’ म्हणजे फक्त त्या नव्या भागाला रसायन लावणं. पण घाईत ते खालपर्यंत ओढलं जातं, आणि आधीच कमजोर झालेले पूल दुसऱ्यांदा तुटतात. वरून काळी मेंदी, रंग किंवा ब्लीच झालेलं असलं तर विचारूच नका.

इथे आपल्या आजीचं शहाणपण कुठे उपयोगी पडतं आणि कुठे नाही, हेही तपासू. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली. केस धुताना जे प्रथिन निघून जातं, ते खोबरेलामुळे कमी झालं. खराब झालेल्या केसांतही कमी झालं. बाकी दोन तेलांनी तसं झालं नाही. कारण खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे मी मुद्दाम सांगतो. इतिहास वाचताना कागद कोणी लिहिला हे बघायचंच असतं. तरी त्यातला व्यवहाराचा भाग साधा आहे : तेल न्हाण्याच्या आधी लावा. मात्र तेल लावून गरम इस्त्री फिरवू नका. आणि तेलाने तुटलेला पूल जुळत नाही, उरलेला जपला जातो एवढंच.

शिकेकाई-रिठ्याचं पाणी सौम्य. पण ‘शिकेकाई साबण’ म्हणून मिळणारी वडी शेवटी साबणच, क्षारी. कपड्याच्या साबणाने किंवा सोड्याने केस धुणं तर रसायन केलेल्या केसाला मारक, कारण क्षाराने केसाचे खवले उघडतात. फणी ही उवा-लिखा काढायला. सरळ केलेल्या ओल्या केसात फणी घालू नका. रुंद दातांचा कंगवा घ्या आणि टोकाकडून वर विंचरत या, कारण ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा किंवा गाळलेल्या पाण्याचा घ्या. घट्ट अंबाडा आणि ताणून घातलेली वेणी काही महिने नको. आणि फुटलेलं टोक कापा. त्याला चिकटवणारं औषध नाही. न कापलं तर फूट वर चढत जाते.

आता केसांच्याही पलीकडची गोष्ट. ‘केराटिन’ नावाच्या काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. २०११ मध्ये अमेरिकेत सलून कामगारांसाठी सरकारी इशारा निघाला. मग त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत छापली. तिने तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. अमेरिकेत २०२२ साली ३३,४९७ स्त्रियांचा जवळपास अकरा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण अंदाजे १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. यावरून रसायनामुळेच कर्करोग झाला असं सिद्ध होत नाही. तो अभ्यास तिकडचा आहे, उत्पादनं तिकडची आहेत. पण दुर्लक्ष करावं इतकं हे लहानही नाही. आणि गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं. पार्लरवाली ताई तो धूर रोज घेते, बहुधा दहा बाय दहाच्या गाळ्यात, एसीसाठी खिडकी बंद करून.

आता शेजारी बघा. डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक झुपक्याने निघू लागले. काही दिवसांत टक्कल. बाया, पुरुष, लेकरं, सगळे. आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला, शाम्पूवरही गेला. आयसीएमआरचं पथक आलं. पुढे विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून सांगितलं की बाधितांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलंय आणि त्याचा स्रोत रेशनच्या गव्हात दिसतो. सेलेनियम आणि गंधक रसायनशास्त्रात सख्खे भाऊ. सेलेनियम जास्त झालं की ते केराटिनमध्ये गंधकाची जागा घेतं आणि केस कमजोर होतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे पुन्हा तेच पूल. फरक एवढाच की शेगावच्या लोकांनी काहीच निवडलं नव्हतं. त्यांनी फक्त भाकरी-पोळी खाल्ली होती. आणि त्यांच्या वाट्याला काय आलं? लोक हात मिळवायला कचरू लागले, सोयरिकी अडू लागल्या, अशा बातम्या आल्या. केस गेला तर माणसाची किंमत कमी होते, हा समज १८८२ सालीही होता आणि २०२५ सालीही आहे.

म्हणून मला केसांच्या इतिहासातला खरा प्रश्न असा दिसतो : डोकं कोणाचं आणि ठरवतं कोण? मुनींच्या लोचात उत्तर स्पष्ट आहे. केशवपनातही स्पष्ट आहे. रिबॉन्डिंगमध्ये मात्र ते धूसर आहे. मुलगी म्हणते, मला हौस आहे. तिची हौस खरी आहे, ती मी नाकारत नाही. नटण्याला नावं ठेवणारं व्याख्यान हे नाही. पण ‘बघायला येणार आहेत, केस जरा नीट करून घे’ हे वाक्य घरातून आलं असेल, तर ती हौस किती तिची आणि किती पाहुण्यांची, हे आईने आणि मावशीने स्वतःला विचारावं. कुरळा केस हा आजार नाही, तो दुरुस्त करायचा नसतो.

आणि १८९० च्या त्या नाभिकांकडे परत येतो. केशवपन ही सक्ती होती, रिबॉन्डिंग ही सेवा आहे; दोन्ही एक नाहीत. पण ज्याच्या हातात हत्यार असतं त्याला ‘नाही’ म्हणता येतं, आणि त्या ‘नाही’ने फरक पडतो, हे त्यांनी दाखवलं. आज ते हत्यार पार्लर चालवणाऱ्या आपल्या मुलींच्या हातात आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न (श्रोत्यांतील एक महिला) : पोरीनं दोनदा रिबॉन्डिंग केलं. आता केस मधातूनच तुटतात. पहिल्यासारखे कशानं होतील?

उत्तर : ताई, सरळ केलेला भाग पहिल्यासारखा होत नाही. नवा केस मात्र तिचाच, मूळचाच येतोय. रसायन थांबवा, इस्त्री थांबवा, आणि दर दोन महिन्यांनी थोडं थोडं कापत जा. खांद्यापर्यंतचा नवा केस यायला दोन-अडीच वर्षं लागतील. तोवर सैल वेणी. डोक्याची कातडी भाजलेली असेल, खपल्या असतील किंवा केस मुळातूनही जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तेलावर भागवू नका.

प्रश्न (पार्लर चालवणाऱ्या एक श्रोत्या) : सर, मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या पार्लरात जाते. माझं काय?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. म्हणून नुसतं नाही म्हणू नका, दाखवा. मानेजवळचा एक केस घ्या, ओला करा आणि दोन्ही हातांनी हळू ताणा. निरोगी ओला केस सुमारे तिसऱ्या हिश्श्याने लांबतो आणि सोडला की परत येतो. खराब झालेला केस रबरासारखा लांबतो, परत येत नाही, किंवा तिथेच तुटतो. हे तिच्या समोर करा, तिच्या आईच्या समोर करा. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची वही ठेवा : तारीख, कोणतं रसायन, किती वेळ. काम कराल तेव्हा खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा टाकणारा, हातात मोजे. एक गिऱ्हाईक जाईल. पण जिचे केस समोरच्या पार्लरात तुटतील, ती पुढच्या वेळी तुमच्याकडे येईल. आणि तुमचा स्वतःचा श्वास तुम्हाला पुढची वीस वर्षं वापरायचा आहे.